कल्म आणि कलम

मुंबई इलाख्यातील गवतांवरचा एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. तो उघडावा किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रदेशाची वनस्पतिसूची उघडावी, गवताच्या जातीचे इंग्रजी वर्णन वाचू लागले की सुरुवातीच्या एक-दोन ओळींतच एक शब्द भेटतो, तो म्हणजे ‘कल्म’. कल्म उभे, कल्म आधी आडवे पसरून मग उठणारे, कल्म गुळगुळीत, कल्म पेरांशी केसाळ, अशा रीतीने प्रत्येक गवताची ओळख या एका शब्दापासून सुरू होते. देवनागरीत लिहिला की तो आपल्या ‘कलम’ या शब्दापासून केवळ एका जोडाक्षराइतका दूर राहतो. ही जवळीक योगायोगाची आहे की तिच्यामागे काही इतिहास आहे, हा प्रश्न मला बराच काळ पडलेला होता, आणि त्याचा माग काढत गेल्यावर गवताच्या खोडाने आपल्या भाषेत किती दूरवर मुळे पसरली आहेत हे दिसू लागले.

प्रथम अर्थ पाहू. गवताचे जमिनीच्या वर येणारे, पेरापेरांचे बनलेले आणि शेवटी फुलोरा धारण करणारे जे खोड, त्याला वनस्पतिशास्त्रात कल्म म्हणतात. लॅटिन रूप ‘कुल्मुस’. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५१ साली वनस्पतिवर्णनाची परिभाषा बांधली, तेव्हा खोडाचे निरनिराळे प्रकार वेगळे केले आणि कुल्मुस हा शब्द गवतांच्या खोडासाठी राखून ठेवला. झाडाचा बुंधा वेगळा, साध्या रोपाचे खोड वेगळे, पानांविना वर येणारा फुलाचा दांडा वेगळा, आणि गवताचे खोड या सर्वांहून वेगळे, हा भेद त्याला महत्त्वाचा वाटला. तो योग्यच होता, असे मला वाटते, कारण गवताच्या खोडाची रचना खरोखरच स्वतंत्र आहे.

आपल्या शालेय पुस्तकांत खोडाचे दोन भाग शिकवले जातात. जिथून पान फुटते ते पेर, आणि दोन पेरांमधला भाग ते कांडे. हे भाग सगळ्याच वनस्पतींत असतात, परंतु आंब्याच्या किंवा वडाच्या जुन्या खोडावर ते शोधूनही सापडत नाहीत, तर गवतात ते डोळ्यांना दिसतात आणि बोटांना लागतात. बहुतेक गवतांत कांडे पोकळ असते आणि पेर मात्र आडव्या पडद्याने भरलेले, घट्ट असते. ऊस, ज्वारी आणि मका यांची कांडी आतून भरीव असतात, आणि उसाची साखर याच भरीव गाभ्यात साठते. गवताच्या खोडात वर्षागणिक जाडी वाढवणारा पेशींचा थर नसतो, म्हणून बांबूचा कोंब जमिनीतून ज्या जाडीने बाहेर येतो, तीच त्याची कायमची जाडी राहते, आणि तो आपली पूर्ण उंची एकाच हंगामात गाठतो. पुढची सगळी वर्षे तो केवळ पक्का होत जातो.

वाढीची जागाही निराळी आहे. झाडाची फांदी टोकाशी वाढते, तर गवताचे खोड टोकाशी वाढतेच, शिवाय प्रत्येक कांड्याच्या तळाशीही वाढते. उभ्या गवताची वरची काडी धरून ओढली, तर ती बहुधा पेराच्या थोडी वर निसटते आणि तिचे खालचे टोक पांढरे, ओलसर आणि कोवळे निघते. ती कोवळी जागा म्हणजे कांड्याचा वाढता भाग, आणि तो नाजूक असल्यामुळेच पानाचा खालचा भाग वेढा घालून त्याला आधार देतो. वाऱ्यापावसाने पीक लोळले, तर पेरापाशी खालच्या बाजूची वाढ वरच्या बाजूपेक्षा अधिक होते आणि काही धाटे पुन्हा वर वळतात. तरीही दाण्यांच्या ओझ्याने उंच पीक लोळणे हे शेतकऱ्याचे मोठे नुकसान असते, आणि विसाव्या शतकात गहू व भात यांच्या उत्पादनात जी झेप घेतली गेली, तिच्यामागे खोड आखूड करण्याचे काम होते. जपानच्या नोरिन-१० या गव्हातून आलेला ठेंगणेपणा आणि १९६६ साली प्रसारित झालेली आयआर-८ ही भाताची ठेंगणी जात, ही दोन्ही उदाहरणे मुळात कल्माची लांबी कमी करण्याची आहेत.

आता शब्दाकडे वळतो. लॅटिनमध्ये कुल्मुस म्हणजे धान्याचे ताट, काड, आणि त्यावरून छपरावर शाकारलेले गवत. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात, वनस्पतींची वर्णने करणाऱ्यांच्या गरजेतून, लॅटिनमधून उचलला गेला. (इंग्रजीत कोळशाच्या चुऱ्यालाही कल्म म्हणतात, पण तो शब्द वेगळ्या मुळाचा आहे आणि त्याचा गवताशी संबंध नाही.) या लॅटिन शब्दाची सख्खी भावंडे युरोपभर विखुरलेली आहेत. ग्रीकमध्ये ‘कालामोस’ म्हणजे नळगवत किंवा बोरू, जर्मनमध्ये ‘हाल्म’ म्हणजे गवताची काडी, इंग्रजीत ‘हॉम’ असा उच्चार होणारा, पिकांच्या वाळक्या खोडांसाठीचा जुना शब्द, आणि रशियनमध्ये ‘सलोमा’ म्हणजे काड, पेंढा.

क, ह आणि स ही तीन वेगळी आद्याक्षरे एकाच शब्दाची कशी असू शकतील, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर मराठी वाचकाला सहज पटेल अशा एका शब्दात आहे. संस्कृत ‘शत’ला लॅटिनमध्ये ‘केंटुम’, इंग्रजीत ‘हंड्रेड’ आणि रशियनमध्ये ‘स्तो’ म्हणतात. म्हणजे मूळ भारोपीय भाषेतला, अर्थात या सर्व भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतला, एक विशिष्ट तालव्य ‘क’ लॅटिन-ग्रीकमध्ये क राहिला, जर्मानिक भाषांत ह झाला, स्लाव्हिक भाषांत स झाला आणि संस्कृतात श झाला. कुल्मुस, हाल्म आणि सलोमा यांचा संबंध याच नियमाने जुळतो.

या नियमावरून आणखी एक गोष्ट ठरवता येते, आणि माझ्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. हा शब्द जर संस्कृतात वारशाने आला असता, तर त्याच्या आरंभी ‘श’ असायला हवा होता. संस्कृत कोशांत ‘कलम’ हा शब्द आहे. त्याचा एक अर्थ भाताची एक जात असा आहे, आणि कालिदासाने रघूला शरण येऊन पुन्हा राज्यावर बसवल्या गेलेल्या वंगदेशीय राजांना उपटून पुन्हा लावलेल्या कलम भाताची उपमा दिली आहे. भाताची लावणी ज्याने पाहिली आहे, त्याला त्या उपमेची अचूकता वेगळी सांगायला नको. दुसरा अर्थ लेखणी असा आहे, आणि हा दुसरा अर्थ बाहेरून, मुळात ग्रीकांकडून आलेला मानला जातो, कारण वारशाचा शब्द ‘क’ने सुरू होऊ शकत नाही. म्हणजे आपले कलम हे कल्माचे वंशज नव्हे आणि पूर्वजही नव्हे. ते त्याचे चुलत भावंड आहे. कुल्मुस लॅटिनच्या घरात राहिला, कालामोस ग्रीकांच्या घरातून प्रवासाला निघाला, आणि आज मराठी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे दोघे शेजारी येऊन बसले.

कालामोसाचा प्रवास लेखणीमुळे झाला. नळगवताचे कांडे पोकळ असते, म्हणून त्यात शाई धरते. त्याच्या सालीत सिलिका असते, म्हणून तिरप्या कापाचे टोक टणक राहते आणि झिजून लवकर बोथट होत नाही. पेराजवळचा भाग घट्ट असल्याने हातात पकड येते. भूमध्य समुद्राच्या भोवतीच्या लेखकांनी हेच कांडे चाकूने तासून, टोकाला चीर देऊन वापरले, आणि गवताचे नाव लेखणीचे नाव झाले. तिथून ते अरबीत ‘कलम’ या रूपात गेले. कुराणातील अडुसष्टाव्या सुऱ्याचे, म्हणजे अध्यायाचे, नावच ‘अल्-कलम’ आहे. अरबीत नखे कापणे, छाटणे या अर्थाचे याच व्यंजनांचे क्रियापदही आहे, त्यामुळे तासून केलेल्या लेखणीला हा शब्द अधिकच घट्ट चिकटला असावा. अरबीतून फारसीत आणि फारसीतून दरबारी लेखनाच्या वाटेने तो मराठीत आला.

मराठीत आल्यावर त्याने जे केले, ते मला सर्वात विलक्षण वाटते. लेखणी हा अर्थ तर राहिलाच, ‘कलमदान’ हा शब्द त्याची साक्ष आहे. पण लिहिलेल्या मजकुराचा स्वतंत्र मुद्दा, पत्रातला किंवा करारातला एक परिच्छेद, यालाही कलम म्हणू लागले, आणि त्या वाटेने तो कायद्यात शिरला. २०२४ साली नवी संहिता येईपर्यंत लागू असलेले जमावबंदीचे ‘कलम १४४’ शाळकरी मुलालाही ठाऊक असे. राज्यघटनेच्या मराठी अनुवादात ‘अनुच्छेद’ हा शब्द योजला असला, तरी बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत ‘कलम ३७०’ असेच रूढ झाले. तिसरा अर्थ बागायतीतला. छाटलेली काडी लावून केलेले झाड ते कलम, हा अर्थ फारसीतूनच आलेला आहे, आणि कोकणात तो इतका रुजला आहे की तिथे हापूसच्या झाडालाच कलम म्हणतात. बियांपासून आपोआप वाढलेला तो रायवळ, आणि बांधलेले ते कलम. भेट कलम, पाचर कलम, कोय कलम या साऱ्या पद्धतींच्या नावांत मूळच्या नळगवताचा आता मागमूसही नाही, तरी शब्द तोच आहे. एकाच शब्दाने लेखणी, कायद्याचा मुद्दा आणि आंब्याचे झाड सांगावे, आणि त्या तिन्हींचे मूळ गवताच्या कांड्यात असावे, हे मी प्रथम ताडून पाहिले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

मोडी लिहिणाऱ्यांच्या हातातली तासलेली लेखणी मात्र मराठीत ‘बोरू’ या नावाने ओळखली गेली. हा शब्द आज ‘बोरूबहाद्दर’सारख्या प्रयोगांतून उरला आहे. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी बोरू म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरायचा ताग समजतो, आणि ताग हे गवत नव्हे, ते शेंगावर्गीय पीक आहे. दोन्ही अर्थ आपापल्या जागी शुद्ध आहेत.

कालामोसाची इतर अपत्ये वनस्पतिशास्त्रातही भेटतात, आणि गंमत अशी की त्यांतली काही गवते नाहीत. घरोघरी बाळगुटीत उगाळले जाणारे वेखंड लिनियसने ‘अकोरस कॅलॅमस’ या नावाने नोंदवले. खुर्च्या विणण्याच्या वेताच्या प्रजातीचे नावही ‘कॅलॅमस’ आहे, आणि वेत हा ताडामाडांच्या कुळातला आहे. बांबूच्या एका मोठ्या प्रजातीचे नाव ‘डेंड्रोकॅलॅमस’, म्हणजे वृक्षासारखा नळ. हे नाव मात्र योग्य जागी पडले आहे. गोव्यातल्या खाणावळींत माकूल ‘कलमारी’ या नावाने मिळते, तेही याच घरातले. लॅटिनमध्ये बोरूशी संबंधित वस्तूला ‘कालामारियुस’ म्हणत, आणि अंगात शाई बाळगणाऱ्या व आत लेखणीसारखी पारदर्शक पट्टी असणाऱ्या या जीवाला इटालियन लोकांनी ते नाव दिले.

इतके बाहेरचे झाले. संस्कृताने गवताच्या खोडाकडे पाहून स्वतःचे कोणते शब्द घडवले, हा माझ्या मते या विषयाचा अधिक समृद्ध भाग आहे. यजुर्वेदात दूर्वेला उद्देशून एक मंत्र आहे आणि दूर्वा वाहताना तो अजूनही म्हटला जातो : ‘काण्डात्काण्डात्प्ररोहन्ती परुषः परुषस्परि । एवा नो दूर्वे प्र तनु सहस्रेण शतेन च ॥’ कांड्याकांड्यातून, पेरापेरांतून उगवत जाणाऱ्या हे दूर्वे, आम्हालाही शतपटींनी, सहस्रपटींनी विस्तारत ने, असा त्याचा आशय आहे. ‘काण्ड’ म्हणजे दोन पेरांमधला भाग आणि ‘परुस्’ म्हणजे पेर. शाळेच्या पुस्तकात आज जो भेद शिकवला जातो, तो या मंत्रात जोडीने आलेला आहे. हरळी जमिनीवर पसरताना प्रत्येक पेरापाशी मुळे आणि नवे फुटवे काढते, या वस्तुस्थितीचे इतके नेमके निरीक्षण ज्यांनी केले, त्यांनी गवताजवळ बसून ते पाहिलेले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काण्ड हा शब्द पुढे ‘भाग’, ‘विभाग’ या अर्थाने वापरला गेला. रामायणाची बालकांड, अयोध्याकांड, सुंदरकांड ही नावे त्यातूनच आली. परुस् याच्याच घरातला ‘पर्वन्’ हा शब्द. त्याचा अर्थ पेर, सांधा, आणि महाभारताचे भाग पर्वे आहेत. म्हणजे एका महाकाव्याचे भाग कांड्यांच्या नावाने आणि दुसऱ्याचे पेरांच्या नावाने ओळखले जातात, आणि दोन्ही नावे नळ, ऊस, बांबू यांच्या खोडावरून घेतलेली आहेत. पर्व हा काळाचाही सांधा झाला. अमावास्या आणि पौर्णिमा ही पर्वे, त्यावरून पर्वणी. ‘पर्वत’ हा शब्दही मुळात ‘पेरांचा, गाठीगाठींचा’ असे विशेषण होता आणि खडबडीत डोंगराला तो लागू पडला. आपण बोटाचे पेर म्हणतो तेव्हा सांध्यापेक्षा दोन सांध्यांमधला भाग मनात असतो, उसाच्या बाबतीतही काही भागांत पेर आणि कांडे यांची अदलाबदल होते, आणि वनस्पतींची वर्णने मराठीत लिहिणाऱ्याने याबाबत सावध राहणे आवश्यक आहे.

बांबूचा संस्कृत शब्द ‘वंश’. एका पेरातून पुढचे कांडे, त्याच्या टोकाला पुन्हा पेर, अशी जी मालिका बांबूत दिसते तिच्यावरून पिढ्यांच्या परंपरेला वंश म्हटले गेले, असे संस्कृत कोशकार सांगतात. पाठीच्या कण्याला ‘पृष्ठवंश’ म्हणतात तेव्हा तर ती प्रतिमा उघडच आहे, कारण मणक्यांची रांग पेरापेरांची असते. मराठीत याच वंशापासून घराचा ‘वासा’ झाला, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्या माणसाची निंदा करताना आपण नकळत बांबूच मोजतो. बासरीही त्याच शब्दाची.

गवताच्या खोडाचा दुसरा गुण म्हणजे पोकळपणा, आणि त्याची नोंद ‘नड’ किंवा ‘नल’ या शब्दाने ठेवली. पाण्याकाठी वाढणारे हे उंच गवत ऋग्वेदालाही परिचित आहे. त्यावरून कोणत्याही पोकळ दांड्याला नाडी, नाल, नळी असे शब्द आले. शरीरातली नाडी, हाडांची नळी आणि स्वयंपाकघरातला पाण्याचा नळ ही सगळी त्याचीच रूपे आहेत.

याच पोकळ नळगवताला पश्चिम आशियात दुसरे एक नाव होते. अक्कादी भाषेत ‘कनू’, हिब्रूत ‘काने’, आणि त्या बाजूकडून ग्रीकमध्ये ‘कान्ना’. सरळ वाढणाऱ्या या बोरूपासून मोजण्याची सरळ काठी, त्यावरून ‘कानोन’ म्हणजे मापदंड, नियम, असा अर्थविकास झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अरबीने तो ‘कानून’ म्हणून घेतला, आणि फारसीतून तो जुन्या मराठीतही ‘कानू’, ‘कानून’ या रूपांत वावरला. लॅटिनमध्ये त्याच कान्नापासून ‘कानालिस’ म्हणजे नळी, पाट हा शब्द झाला आणि आपल्या बागायतदारांचा ‘कॅनॉल’ तिथून आला. म्हणजे ‘कानूनाचे कलम’ या शब्दप्रयोगात दोन्ही शब्द नळगवताचे आहेत, एक सरळपणावरून आलेला आणि दुसरा लेखणीवरून. कॅनॉलचे पाणी नळाने आणणारा माणूसही दोन वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या गवतांची नावे घेत असतो.

शब्दाची सीमाही पाहिली पाहिजे. लिनियसने कुल्मुस गवतांसाठी राखला, पण पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो लव्हाळ्याच्या कुळालाही लावला. महापुरात वाचणारा म्हणून ज्याचे कौतुक होते तो लव्हाळा, आणि शेतकऱ्याला नकोसा झालेला नागरमोथा, ही गवते नव्हेत. त्यांचे खोड बहुधा तीन कोनांचे आणि भरीव असते, आणि फुलोऱ्यापर्यंत मधे पेरे दिसत नाहीत. दोन बोटांत धरून फिरवले की कोन लगेच लागतात. ज्या खोडाला पेर नाही, त्याला पेरेदार खोडाचे नाव द्यावे हे मला पटत नाही, पण इंग्रजी वर्णनांत तो प्रघात पक्का झाला आहे. उलट बाजूने, बांबूचे खोड कल्मच असूनही आपल्या कायद्याने त्याला दीर्घकाळ झाडांत बसवले होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या संज्ञेच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता, आणि २०१७ च्या दुरुस्तीने तो काढण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर बांबू लावणाऱ्याला तो तोडण्या-नेण्यासाठी झाडाचे नियम लागू राहिले नाहीत. वनस्पतिशास्त्राने कधीच मान्य केलेली गोष्ट कायद्यात यायला नव्वद वर्षे लागली.

राहिला प्रश्न मराठी पर्यायाचा. परिभाषेत कल्मासाठी ‘संधिक्षोड’ हा शब्द योजलेला आढळतो. तो अर्थाने निर्दोष आहे, पण उच्चाराला अवघड आहे आणि शेतात काम करणाऱ्याला परका आहे. शेतकऱ्याच्या बोलीत गवताच्या खोडाला एकच सर्वसाधारण नाव नाही, कारण त्याच्या व्यवहारात प्रत्येक पिकाच्या खोडाचे काम वेगळे आहे. ज्वारीचे ताट किंवा धाट, ते वाळवून बांधले की कडबा, कापणीनंतर जमिनीत उरलेले ते धसकट. गव्हाचे काड, भाताचा पेंढा, उसाचे कांडे, आणि लागणीसाठी त्याचे केलेले तुकडे म्हणजे टिपऱ्या. वाढीच्या अवस्थांनाही नावे आहेत. गहू कांडी धरतो तेव्हा पेरांमधले अंतर वाढू लागलेले असते आणि त्या वेळी पाणी चुकवून चालत नाही. ज्वारी पोटरीत येते तेव्हा कणीस अजून वरच्या पानाच्या वेढ्यात असते आणि तो भाग पायाच्या पोटरीसारखा फुगतो. इतक्या बारकाईने पाहणाऱ्या भाषेला संस्कृत समास उसना घेण्याची वेळ यावी, हे मला योग्य वाटत नाही.

या सर्व शब्दांत मी ‘धाट’ निवडेन. ताट जेवणाच्या ताटाशी गोंधळते, काड वाळलेल्या अवस्थेपुरते आहे, कांडे हे पेरांमधल्या भागासाठी लागणारच आहे. धाट मात्र हिरवे असो वा वाळके, अखंड खोडाला लागू पडते, आणि ज्वारी व मका यांच्यासाठी ते आजही बोलण्यात आहे. सरपटणाऱ्या खोडासाठी ते वापरू नये, कारण कल्म म्हणजे फुलोरा घेऊन वर येणारे खोड. ही शिस्त पाळून हरळीचे वर्णन मी असे लिहीन : बहुवर्षायू गवत, जमिनीवर सरपटणारी खोडे लांब, पेरोपेरी मुळे आणि फुटवे धरणारी, धाटे उभी, बारीक, गुळगुळीत, पाने अरुंद, टोकाकडे निमुळती, धाटाच्या टोकाला बहुधा तीन ते सहा सडपातळ कणिशे, सगळी एकाच बिंदूपासून निघून हाताच्या बोटांप्रमाणे पसरलेली.